कारल्याचा रस, गुडमार आणि मधुमेहाची गोळी

मित्रहो, ‘मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर काढे-चूर्णे चालतात का?’ असे कोणी विचारले, की मी आधी विचारतो: गोळी कोणती?

मेटफॉर्मिन मुख्यतः यकृतातून रक्तात येणारी साखर रोखते, आणि ती एकटी चालू असताना साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरणे क्वचितच घडते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्यांचे तसे नाही. त्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, आणि रक्तातील साखर आधीच बेताची असली तरी लावतात. अशा गोळीबरोबर सकाळी अनशापोटी कारल्याचा रस किंवा गुडमारचे (साखर उतरवते असे मानल्या जाणाऱ्या वेलीचे) चूर्ण घेतले आणि त्याच दिवशी चतुर्थीचा उपवास असला, तर साखर दर डेसिलिटर रक्तामागे ७० मिलिग्रॅमच्या खाली जाण्याचा धोका वाढतो. इन्सुलिन टोचून घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. कारल्यावरील चाचण्या लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय आजच्या पेल्यात किती अंश उतरला, हे कोणालाच ठाऊक नसते. गोळीचे मिलिग्रॅम ठरलेले असतात, रसाचे नसतात.

वृद्धांमध्ये आणि मूत्रपिंड अशक्त झालेल्यांमध्ये ग्लिबेनक्लामाइडचा परिणाम लांबतो, त्यामुळे साखर खाऊन बरे वाटलेला माणूस काही तासांनी पुन्हा ढासळू शकतो. त्याला रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावे लागते. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर (हृदयाची गती मंदावणारे औषध) चालू असेल, तर साखर उतरल्याची सूचना देणारी छातीतील धडधड आणि हातांची थरथर दबते. घाम मात्र येतो, आणि उकाड्यात तिकडे लक्ष जात नाही.

मेथ्या आणि इसबगोल यांची गोष्ट निराळी. त्यांतील तंतू पाण्यात फुगून बुळबुळीत होतात व अन्नातील साखरेबरोबर औषधाचे शोषणही मंदावू शकते, म्हणून गोळी आणि इसबगोल यांत काही तासांचे अंतर ठेवावे. भाजीतल्या मेथीची धास्ती कोणी घेऊ नये.

याहून गंभीर प्रश्न भेसळीचा आहे. सिंगापूरमध्ये २००८ साली जानेवारी ते मे या काळात, मधुमेह नसलेले १५० रुग्ण साखर अतिशय खाली गेल्याने रुग्णालयांत दाखल झाले, आणि त्यांतले ४ दगावले. कामोत्तेजक म्हणून बेकायदा विकल्या गेलेल्या गोळ्यांत आणि वनौषधी म्हणवणाऱ्या उत्पादनांत ग्लिबेनक्लामाइड मिसळलेले आढळले. म्हणजे ज्याला आपण वनस्पतीचा गुण समजतो, ती कधीकधी चोरून घातलेली गोळीच असते. आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींवर बंदी आहे. ती कितपत पाळली जाते, हे कोणतेही वृत्तपत्र उघडून पाहावे.

एक बाजू मात्र डॉक्टरांच्याही नजरेतून सुटते. रुग्ण न सांगता रस पितो, साखर चांगली दिसते, म्हणून गोळीचा डोस कमी होतो. पुढे तो रसाला कंटाळून थांबतो, आणि साखर वाढू लागल्याचे पुढच्या तपासणीपर्यंत कोणाच्याच ध्यानात येत नाही. म्हणून चूर्ण सुरू करताना जशी डॉक्टरांना कल्पना द्यायची, तशीच ते बंद करतानाही द्यायची, आणि दोन्ही वेळा पुढचे काही आठवडे घरच्या ग्लुकोमीटरवर उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर लिहून ठेवायची.