मार्केझे पुची यांची रेशमी जर्सी

(दृश्य: फ्लॉरेन्स. व्हिया दे पुची या रस्त्यावरचा जुना वाडा.)

रस्ता पुचींच्या नावाचा, वाडाही पुचींचा. पण या घराण्यातले फॅशन डिझायनर एमिलिओ पुची, पदवीनं मार्केझे, म्हणजे सरदारच म्हणा, कपड्यांवर सही करायचे ती नुसती ‘एमिलिओ’. खानदानी माणसानं बायकांचे कपडे बेतून विकायचे, तर आडनाव मागे ठेवलेलं बरं.

जन्म १९१४, नेपल्स. स्कीइंगचा नाद असा, की १९३२च्या लेक प्लॅसिड ऑलिम्पिकला ते इटलीच्या पथकासोबत गेले. पुढे अमेरिकेतल्या रीड कॉलेजात शिकताना तिथल्या स्की संघाचे कपडे त्यांनीच बेतले. दुसऱ्या महायुद्धात ते इटलीच्या हवाई दलात वैमानिक होते. मुसोलिनीच्या मुलीला स्वित्झर्लंडला निसटायला मदत केली म्हणून गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्यांचे हाल केले. पण त्यावर वेगळी फिल्म करावी लागेल.

१९४७, स्वित्झर्लंडमधलं झरमॅट. मैत्रिणीसाठी त्यांनी बेतलेल्या स्कीच्या पोशाखाचा फोटो छायाचित्रकार टोनी फ्रिसेल यांनी काढला, ‘हार्पर्स बझार’ या फॅशन मासिकात छापून आला आणि अमेरिकेतून मागणी सुरू झाली. मग काप्री बेटावर दुकान.

(दृश्य: छपाईचं लांब टेबल, वर ताणून बसवलेली पांढरी जर्सी.)

खरी करामत कापडात आहे. जर्सी म्हणजे स्वेटरसारखं फासे घालून विणलेलं कापड. ही रेशमी जर्सी ताण घेते, त्यामुळे टक्स, अस्तर, आतला सांगाडा यांची गरजच उरत नाही. गुंडाळून बॅगेत टाका, चुरगळत नाही.

छापायला मात्र ती महाबिलंदर. स्क्रीन छपाईत दर रंगाला वेगळी स्क्रीन, म्हणजे चौकटीवर ताणलेली जाळी, जिच्यातून रंग कापडावर ओढतात. दहा रंग म्हणजे दहा वेळा टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कापड आधी टेबलाला चिकटवायचं, नाहीतर रंग ओढताना तेच ताणलं जातं. मिलिमीटरभर सरकलं, की दोन रंगांमध्ये पांढरी फट दिसते किंवा रंगावर रंग चढून तिसराच मळकट रंग तयार होतो. पुचींच्या बऱ्याच नक्ष्यांमध्ये आकारांना गडद रेघ असते. ती उठून तर दिसतेच, शिवाय असली बारीक चूक पोटात घालते. रंगाची खळ पातळ झाली तर कड पसरते, घट्ट झाली तर जाळी तुंबते. छापून झालं की वाफ द्यायची, मगच रंग रेशमात मुरतो. वाफेचं पाणी ठिबकलं तर डाग पडलाच. शेवटी धुऊन सुटा रंग काढायचा. इथे घाई केली, तर गिऱ्हाइकाच्या पहिल्याच धुण्यात गुलाबी रंग पांढऱ्यावर उतरतो.

जुना पुची कपडा पारखताना नक्षीतच ‘एमिलिओ’ शोधा. बारीक हस्ताक्षर असतं, बहुतेकदा एका आकाराच्या कडेला दडलेलं. नुसत्या लेबलवर विसंबू नका, लेबल काय, कुणीही शिवतं.

१९६५ साली त्यांनी ब्रॅनिफ विमान कंपनीच्या हवाई सुंदरींना गणवेश दिला. त्यात पावसात केस भिजू नयेत म्हणून डोक्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा घुमटही होता.

(दृश्य: अपोलो १५ या चंद्रमोहिमेचं बोधचिन्ह, १९७१.)

चंद्रावर उडणाऱ्या तीन पक्ष्यांची मूळ कल्पना पुचींचीच. अंतराळवीरांनी पक्षी ठेवले, रंग मात्र बदलले: पुचींचे निळे-हिरवे गेले आणि अमेरिकेच्या झेंड्याचे लाल, पांढरा, निळा आले.