चहा सोडून काय झालं

बसा बसा, मागे खुर्च्या आहेत अजून. कोणी कळव्याहून आलंय, कोणी कोपरखैरण्याहून, ऑफिस करून आलात, म्हणून सरळ विषयालाच हात घालतो.

मी तेव्हा ऐरोलीला नोकरीला, घर नौपाड्यात. एके दिवशी मीटिंगमध्ये होतो, फोन टेबलावर पालथा. बाहेर आलो तर आप्पांचे तीन मिस्ड कॉल. डावा हात जड पडलाय हे सांगायला फोन करत होते. अर्धांगवायूत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आम्ही हॉस्पिटलला पोचलो तेव्हा ती वेळ टळून गेली होती. डावी बाजू गेली ती गेलीच, बोलणं तेवढं शाबूत राहिलं.

त्या दिवसापासून मी चहा सोडला. पंखा बंद करून खाली फरशीवर झोपायला लागलो, तेही मे महिन्यात, ठाण्याचा मे तुम्हाला माहितीये, बनियन अंगाला चिकटून बसायचं आणि मला बरं वाटायचं, हे नीट ऐका, खरंच बरं वाटायचं. नातेवाईक म्हणायचे, वडिलांसाठी केवढं करतोय पोरगा.

पुढे मला एक प्रयोग वाचायला मिळाला. ऑस्ट्रेलियात ब्रॉक बॅस्टियन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी केलेला, 2011 साली छापून आला. काही जणांना, आपण कोणाशी तरी वाईट वागलो तो प्रसंग लिहायला लावला, मग हात बर्फाच्या पाण्यात घालायला सांगितला. साधाच प्रसंग लिहिणाऱ्यांपेक्षा यांनी हात जास्त वेळ आत ठेवला, आणि त्यानंतर त्यांच्या मनाची टोचणी कमी झाली. म्हणजे शिक्षा काम करते हो! म्हणूनच ती सुटत नाही. पण त्या बादलीतल्या हातामुळे ज्याला दुखावलं त्याला काय मिळालं? काहीच नाही.

माझं तेच झालेलं. ‘माझ्या हातून चूक झाली’ असं वाटलं असतं तर मी आप्पांपाशी जाऊन बसलो असतो. मला वाटत होतं ‘मीच नालायक’, म्हणून मी त्यांच्या खोलीत जायचंच टाळत होतो, फिजिओ सांगायचा तो व्यायाम बायको करून घ्यायची, आणि मी बाहेर फरशीवर घाम गाळत माझं प्रायश्चित्त करत पडलेलो. त्यात आप्पा कुठेच नव्हते, सगळा मीच होतो.

तुमच्यापैकी कोणी जेवण सोडलं असेल, कोणी स्वतःला इजा करत असेल, तर कृपा करून एकटे राहू नका. टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो.

माझं काय झालं, तर बायको एकदा माहेरी गेली म्हणून आप्पांना चहा मलाच द्यायला लागला. बशीत ओतून, उजव्या हातात बशी टेकवून. फोनचं तेव्हा बोललो एकदाचं, रडलोही. आप्पांनी अर्धी बशी संपवली आणि म्हणाले, "तुझा कप कुठाय?"

आणला मग आतून.