बारा वाजून वीस मिनिटांनी लागलेली रेकॉर्ड

नमस्कार मंडळी. आज काळ्या तबकडीबद्दल बोलायचंय, तुमच्यातल्या निम्म्यांच्या माळ्यावर ती अजून असणार, आणि बाकीच्यांनी भंगारवाल्याला देऊन टाकलीय आणि आता हळहळताय, हे मला माहितेय. विषय आहे लोकगीतं, चळवळी आणि रेकॉर्डी. नीट सांगायचं तर चिलीचा गायक विक्तोर हारा सांगायला हवा, अमेरिकेत गायिका बार्बरा डेन यांनी पारेदोन नावाची कंपनी काढून 1970 ते 1985 मध्ये व्हिएतनाम, अंगोला कुठकुठल्या लढ्यांच्या 50 रेकॉर्डी काढल्या ते सांगायला हवं. पण खरं सांगू का, मला एकच किस्सा सांगायचाय, आणि त्यात रेडिओ आहे, त्यामुळे मी तो सांगणारच.

देश पोर्तुगाल. आपल्या गोव्यावर साडेचारशे वर्षं बसलेला तोच. 1926 पासून तिथे हुकूमशाही, आधी सालाझार, मग कायतानो, आणि 1961 नंतर अंगोला, गिनी, मोझांबिक अशा आफ्रिकेतल्या तीन वसाहतींत लढाया चालू, म्हणजे घरातली तरणी पोरं आफ्रिकेत मरायला पाठवायची आणि गाणी सेन्सॉरनं कापायची. अशात एक गायक होता, जोसे अफोन्सो, लोक त्याला झेका म्हणायचे. पेशानं मास्तर, मोझांबिकमध्ये शिकवून आलेला, वसाहत म्हणजे काय ते डोळ्यांनी बघितलेला. पुढे नोकरीही काढून घेतली. पेपरात त्याचं नाव छापायची पंचाईत, तर पत्रकार काय करायचे, नाव उलटं छापायचे, एसोज ओस्नोफा! सेन्सॉरवाल्याला वाटायचं असेल कोणीतरी परदेशी बाबा. सेन्सॉर कुठलाही असो, विनोद कळणारा माणूस त्या खुर्चीत बसवतच नाहीत, हे आपलं माझं मत.

तर हा झेका 1964 मध्ये ग्रांदोला गावात कामगारांच्या संगीत मंडळात गायला गेला. हा भाग आलेन्तेजोचा, तिथे शेतमजूर वाद्याशिवाय गातात, एकजण ओळ उचलतो, मग सगळे घोळक्यानं ती धरतात. दिंडीत चाललेलं असतं ना, विणेकरी ओळ म्हणतो आणि मागून टाळकरी उचलतात, साधारण तसं समजा, फक्त टाळ नाहीत. त्या गावावर त्यानं गाणं केलं, 'ग्रांदोला, विला मोरेना'. उन्हानं रापलेलं गाव, भाऊबंदांचं गाव, आणि इथे हुकूम चालतो तो लोकांचा. भाऊबंदकी नव्हे हां, भाऊबंद.

रेकॉर्ड झालं 1971 मध्ये, पॅरिसजवळच्या एका जुन्या वाड्यातल्या स्टुडिओत, कारण संगीत बघणारा जोसे मारियु ब्रांकू तिकडेच परागंदा होता. गाण्यात वाद्य एकही नाही, फक्त गळे आणि पावलं. पावलं कशी, तर रात्री गाड्यांचा आवाज थांबल्यावर वाड्याबाहेरच्या खडीवर चौघं जण माइकपुढे चालले, खर्र खर्र. आजकाल असला आवाज बटण दाबून मिळतो, मिळू दे बापडा, पण खडीवरून माणसं चाललीयत हे कानाला कळतं, बटणवाल्यात नाही कळत.

आता किस्सा. एप्रिल 1974. लष्करातले तरुण कॅप्टन लढाईला विटलेले, त्यांनी सरकार पाडायचं ठरवलं. पण देशभरच्या छावण्यांना एकाच वेळी 'निघा' कसं सांगणार? फोन टॅप होणार. मग म्हणाले, रेडिओ! दोन गाणी ठरली. पहिलं 24 तारखेला रात्री 10 वाजून 55 मिनिटांनी लिस्बनच्या एका स्टेशनवर, पाउलु द कार्वाल्युचं प्रेमगीत, जे त्याच महिन्यात युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्यांच्या स्पर्धेत 3 गुण मिळवून तळाला आलेलं. हरलेलं गाणं, कोण संशय घेणार! पण ते स्टेशन लिस्बनच्या आसपासच ऐकू यायचं. दुसरं गाणं देशभर जायला हवं, म्हणून रादिओ रेनासेन्सा निवडलं, आणि हे स्टेशन कोणाचं, तर चर्चचं. आधी झेकाचं दुसरंच गाणं सुचवलेलं, पण त्या स्टेशनच्या यादीत ते बंद. ग्रांदोला मात्र बंद नव्हतं. नुकतंच मार्चमध्ये लिस्बनच्या कोलिझेउ सभागृहात हजारो लोकांनी ते उभं राहून गायलं होतं, त्याची बरीच गाणी अडवली आणि हे सोडलं, गावाचं गाणं आहे, जाऊ दे म्हणाले असतील!

आता ऐका, वेळ लक्षात ठेवा, रात्रीचे बारा वाजून वीस. कार्लुस आल्बिनु नावाच्या पत्रकारानं एका पुस्तकाच्या दुकानातून रेकॉर्ड विकत आणली, ती टेपवर उतरवली, आधी गाण्याचं पहिलं कडवं वाचून दाखवलेला आवाज, मग गाणं. कार्यक्रमाचं नाव 'लिमिते'. मान्युएल तोमाश कंट्रोल रूममध्ये उभा, त्याला सगळं माहीत, आणि समोर माइकवर निवेदक बसलेला, त्याला काहीच माहीत नाही! आणि तो आपला जाहिराती वाचतोय. वीस झाले, हा वाचतोय. तिकडे गाड्यांत बसून अधिकारी ट्रान्झिस्टरला कान लावून आणि इकडे हा जाहिरात वाचतोय. शेवटी तोमाशला राहवेना, त्यानं टेक्निशियनच्या हातावर थप्पड मारली, हात बटणावर पडला, टेप सुरू. बारा वाजून वीस मिनिटं, एकोणीस सेकंद. सगळी क्रांती 19 सेकंद उशिरा, जाहिरातीमुळे! मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, मला याचं काडीचं आश्चर्य वाटत नाही.

त्या रात्री सान्तारें गावाहून कॅप्टन साल्गेइरु माया चिलखती गाड्या घेऊन लिस्बनला निघाला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कायतानोनं हात टेकले. सरकारी गुप्त पोलिसांनी गोळ्या झाडल्या त्यात चार जण गेले, पण सैनिकांच्या बंदुकीत लोकांनी कार्नेशनची फुलं खोचली ती तुम्ही फोटोत पाहिली असतील. 48 वर्षांची हुकूमशाही एका दिवसात.

आता गोव्याचं. गोवा 1961 मध्ये मुक्त झाला, तिथेही रेडिओ होता बरं का, लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई जंगलातून 'गोंयचे सोडवणेचो आवाज' चालवायचे, त्यांच्यावर वेगळं भाषण करायचंय, वेळ देतील तर. पण पोर्तुगाल ते मान्यच करत नव्हता, तेरा वर्षं. क्रांतीनंतर, 31 डिसेंबर 1974 ला दिल्लीत करार झाला, त्यांच्याकडून मारियु सोआरेश, आणि आपल्याकडून परराष्ट्रमंत्री कोण, तर आपले यशवंतराव चव्हाण.

बरं, आता रेकॉर्ड लावतो. मित्रानं लिस्बनहून पाठवली, कव्हरचा एक कोपरा पोस्टानं दुमडला. सुरुवातीला गाणं नाही, फक्त पावलं आहेत, तेव्हा रेडिओ बिघडला म्हणून त्याला थापट्या मारू नका.