पडद्यावरचं ‘क्रमशः’

(फिल्म सोसायटीच्या सभासदांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मालिकेतल्या चित्रपटाचा शेवट टांगता ठेवावा की ठेवू नये, यावर दोन मतं नेहमी ऐकू येतात. एक असं, की तिकिटाचे पूर्ण पैसे घेऊन अर्धी गोष्ट दाखवणं म्हणजे फसवणूक. दुसरं असं, की थिएटरमधून बाहेर पडताना डोक्यात काही घोळत राहिलं नाही, तर पुढच्या भागाला माणूस येईल कशाला? मला दोन्ही मतं अपुरी वाटतात. शेवटी प्रश्न उरला, इतक्यावर मी अडत नाही. तो प्रश्न मला कुठे पाठवतो, ते मी बघते. काही प्रश्न आत्ताच पाहिलेल्या चित्रपटात मागे पाठवतात; पाहिलेली दृश्यं पुन्हा डोळ्यांपुढे आणून त्यांचा अर्थ बदलतात. काही प्रश्न फक्त पुढच्या तारखेकडे बोट दाखवतात. पहिल्या जातीच्या प्रश्नावर थांबलेला चित्रपट मला पूर्ण वाटतो. दुसऱ्या जातीच्या प्रश्नावर थांबलेला अर्धवट वाटतो, मग तो तीन तासांचा का असेना.

उदाहरण तुमच्या ओठांवर आलेलंच असणार. १० जुलै २०१५ ला ‘बाहुबली’चा पहिला भाग आला आणि २८ एप्रिल २०१७ ला दुसरा. मधली पावणेदोन वर्षं ‘कटप्पाने बाहुबलीला का मारलं?’ हा प्रश्न रिक्षात, कॉलेजच्या कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत विचारला जात होता. त्यावर विनोद इतके झाले की प्रश्नाची बांधणी किती पक्की आहे, हे बघायचं राहूनच गेलं. ती आज जरा सावकाश बघू.

पहिल्या भागाने सुरुवातीला काय मांडलं होतं? धबधब्याखाली वाढलेला एक मुलगा आहे, शिवुडू. त्याला वर जायचं आहे, आणि आपण कोण हे त्याला ठाऊक नाही. चित्रपट संपेपर्यंत तो वर चढलेला असतो, कैदेतल्या देवसेनेला त्याने सोडवलेलं असतं, ती आपली आई आहे आणि आपण कुणाचे पुत्र आहोत हेही त्याला कळलेलं असतं. म्हणजे चित्रपटाने जे काम हाती घेतलं, ते पुरं केलं. मग राजघराण्याचा सेवक कटप्पा त्याच्या वडिलांची, बाहुबलीची, जुनी हकिकत सांगतो. कालकेयांशी झालेलं युद्ध, बाहुबलीचा विजय, राजा म्हणून झालेली त्याची निवड. आता ते कुठे आहेत, असं विचारल्यावर तो सांगतो की ते नाहीत, आणि त्यांना मारणारा मीच.

या एका वाक्याने पुढे काय होणार हे कळत नाही. मागे मात्र सगळं हलतं. याच कटप्पाने थोड्या वेळापूर्वी शिवुडूचा चेहरा पाहून त्याचं पाऊल आपल्या डोक्यावर घेतलं होतं. तेव्हा ती आपल्याला स्वामिभक्ती वाटली. आता कळतं की त्या पावलाखाली अपराधही होता. शिवाय उत्तर पहिल्या भागातच ठेवलेलं आहे, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. अस्लम खान नावाचा शस्त्रांचा व्यापारी कटप्पाला गुलामगिरीतून सोडवायची तयारी दाखवतो आणि कटप्पा नकार देतो. माझ्या पूर्वजांनी महिष्मतीच्या सिंहासनाला वचन दिलं आहे, म्हणतो. पहिल्यांदा पाहताना आपण या प्रसंगावरून पुढे सरकतो, पाहुण्या कलाकाराचं दृश्य म्हणून. दुसऱ्या भागात राजमाता शिवगामीचा हुकूम येतो आणि त्या वचनाचा अर्थ काय होतो ते समोर येतं. कटप्पाचं प्रेम बाहुबलीवर होतं, बांधिलकी सिंहासनाशी होती. ज्याने पहिला भाग लक्ष देऊन पाहिला, त्याच्या हातात पावणेदोन वर्षं किल्ली होती. लेखक विजयेंद्र प्रसाद आणि दिग्दर्शक राजामौली यांनी प्रेक्षकाचा हा मान राखला, म्हणून तो शेवट मी योग्य मानते.

असाच दुसरा शेवट १९८० सालचा, ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’चा. खलनायक डार्थ व्हेडर नायक ल्यूकला सांगतो की मीच तुझा बाप. हे गुपित इतकं जपलं होतं की चित्रीकरणाच्या वेळी व्हेडरच्या पोशाखातले डेव्हिड प्राउस वेगळंच वाक्य बोलत होते, तुझ्या बापाला ओबी-वॉनने (ल्यूकच्या गुरूने) मारलं, असं. खरं वाक्य नंतर जेम्स अर्ल जोन्स यांच्या आवाजात भरलं. ल्यूकचं काम करणाऱ्या मार्क हॅमिलना मात्र दृश्याआधी सांगून ठेवलं होतं, कारण चेहऱ्यावर खरा धक्का हवा होता. पुढचा भाग १९८३ मध्ये आला. तीन वर्षं लोक वाद घालत होते, व्हेडर खरं बोलला की खोटं? आणि तो वाद घालताना काय करत होते? मागे जात होते. दलदलीतल्या गुहेत ल्यूकने व्हेडरचं शिर उडवलं तेव्हा फुटलेल्या मुखवट्याआड त्याला स्वतःचाच चेहरा दिसला होता. ते दृश्य शेवटच्या वाक्यानंतर वेगळं झालं. ल्यूकचा मित्र हान सोलो गोठवला गेला आहे, त्याला सोडवायचं आहे, हा पुढे नेणारा धागाही तिथे आहेच, पण चित्रपट त्यावर उभा नाही. शिक्षण अर्धवट सोडून, गुरूचं न ऐकता धावलेल्या मुलाने त्याची किंमत मोजली, ही गोष्ट तिथे पुरी झाली. शेवटी ल्यूकला नवा हात बसवलेला असतो आणि तो खिडकीतून बाहेर बघत उभा असतो. किती शांत शेवट आहे बघा, आणि तरी लोक तीन वर्षं थांबले.

याच्या शेजारी २०२३ चा ‘फास्ट एक्स’ ठेवा. नायक लहान मुलाला घेऊन धरणाच्या पायथ्याशी, धरणात स्फोटकं पेरलेली, मित्रांचं विमान पाडलेलं, आणि चित्रपट थांबतो. आता यातला प्रश्न काय? हे वाचतील का? उत्तर थिएटरातल्या दहा वर्षांच्या पोरालाही माहीत आहे. शिवाय या प्रश्नाने आधीच्या दोन तासांतल्या एकाही दृश्याचा अर्थ बदलत नाही. स्फोटकं दहा मिनिटं आधी लावली असती, तरी चाललं असतं. हा शेवट कुठेही तोडता आला असता, ही माझी खरी तक्रार आहे.

ही सवय आली कुठून, तेही बघायला हवं. छापील साप्ताहिकांतून आली. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ मध्ये क्रमशः येत होती. तमिळमध्ये लेखक कल्की यांनी ‘पोन्नियिन सेल्वन’ ही कादंबरी १९५० पासून ‘कल्की’ साप्ताहिकात तीन वर्षांहून अधिक काळ चालवली. मूकपटांच्या काळात अमेरिकेत हप्त्याहप्त्याने दाखवायचे चित्रपट निघाले, आणि त्या वेळी मुंबईतही अशा सिरियलना गर्दी होत असे. या सगळ्यांत वाचक-प्रेक्षकाला एक भरवसा होता. पुढच्या आठवड्यात अंक येणार, रीळ येणार. ताण सात दिवसांचा होता, आणि सात दिवस गोष्ट मनात ताजी राहते. चित्रपटाने ती युक्ती उचलली आणि आठवड्याच्या जागी दोन-तीन वर्षं ठेवली. एवढ्या काळात प्रेक्षक गोष्ट विसरतो, नट म्हातारे होतात, पैसे घालणारा बदलतो. सात दिवसांसाठी घडवलेलं हत्यार तीन वर्षांसाठी वापरायचं, तर ते वेगळं घडवावं लागतं.

मणिरत्नम यांनी हे ओळखलं असं मला वाटतं. त्यांनी ‘पोन्नियिन सेल्वन’चे दोन्ही भाग एकत्रच चित्रित केले. पहिला ३० सप्टेंबर २०२२ ला आला, दुसरा २८ एप्रिल २०२३ ला. सात महिने. पहिला भाग वादळात बुडणाऱ्या जहाजावर संपतो, राजपुत्र मेला अशी बातमी पसरते. ही झाली साप्ताहिकाची जुनी रीत. पण अगदी शेवटी पाण्यात झेपावणाऱ्या वृद्धेचा चेहरा दिसतो आणि तो हुबेहूब चोळांविरुद्ध कट रचणाऱ्या नंदिनीचा असतो. लगेच मन मागे जातं. ही नंदिनी कोण, तिचा राग कुठून आला, मघापासून आपण नक्की काय बघत होतो? दोन्ही जातीचे प्रश्न एकाच दृश्यात, आणि राहतो तो मागे पाठवणारा. ‘गँग्ज ऑफ वासेपूर’चे दोन भाग तर २०१२ मध्ये जूनअखेर आणि ऑगस्टच्या सुरुवातीला, दीड महिन्याच्या अंतराने आले. एकच लांब चित्रपट दोन तुकड्यांत दाखवायचा, तर तो असा दाखवावा.

आता एक उलटं उदाहरण सांगते, कारण टांगत्या शेवटाची भीतीही नुकसान करते. २००७ मध्ये ‘द गोल्डन कंपास’ आला. मूळ कादंबरीचा शेवट भयंकर आहे: ज्याला वाचवायला नायिका लायरा एवढं अंतर कापून आली त्या मित्राचा, रॉजरचा, तिच्या स्वतःच्या बापाकडून बळी जातो. निर्मात्यांनी तो भाग चित्रित केला आणि मग काढून टाकला, पुढच्या चित्रपटाच्या सुरुवातीला वापरू म्हणून. चित्रपट आशेवर संपवला. पुढचा चित्रपट निघालाच नाही. ज्या आघातासाठी सगळी गोष्ट रचली होती, तो आघात त्या पडद्यावर कधी झालाच नाही. लेखकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: चांगलं ते पुढच्या भागासाठी राखून ठेवू नका. पुढचा भाग तुमच्या हातात नसतो. ‘डायव्हर्जंट’ मालिकेचा शेवटचा भाग असाच राहिला. २०१६ चा ‘अलीजंट’ कमी चालला, आणि गोष्ट तिथेच सुटली.

सहज सोडलेला धागा पुढे लेखकाच्याच पायात अडकतो, याचंही एक छान उदाहरण आहे. १९८५ च्या ‘बॅक टू द फ्यूचर’च्या शेवटी कालयंत्राची गाडी बनवणारा डॉक्टर येतो, नायक मार्टीला आणि त्याच्या मैत्रिणीला गाडीत बसवतो आणि गाडी उडते. तेव्हा पुढचा भाग ठरलेला नव्हता. ती एक गंमत होती. नंतर भाग दोन करायची वेळ आली, तेव्हा मैत्रीण गाडीत बसलेली! तिला गोष्टीत काही काम नाही. दिग्दर्शक झेमेकिस यांनी सांगितलं आहे की पुढचा भाग होणार हे माहीत असतं, तर तिला गाडीत बसवलंच नसतं. म्हणून १९८९ च्या भागात तिला सुरुवातीलाच झोपवून टाकलं आहे.

मघाशी एका श्रोत्यांनी विचारलं, की हे सगळं टाळून मालिका करताच येत नाही का? येते की. सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’ केला तेव्हा तीन चित्रपटांचा बेत नव्हता. तो संपतो तेव्हा कुटुंब बैलगाडीतून गाव सोडत असतं. ‘अपराजितो’ संपतो तेव्हा आई गेलेली असते आणि अपू गावातली भिक्षुकी नाकारून कलकत्त्याला परत निघतो. दोन्ही शेवट निघून जाण्याचे आहेत. यांच्यानंतर ‘अपूर संसार’ आला नसता, तरी पहिल्या दोहोंत काही कमी राहिलं नसतं. तरी या मुलाचं पुढे काय झालं असेल, ही ओढ लागते. ती ओढ माणसाबद्दलची आहे, घटनेबद्दलची नाही, आणि म्हणून ती वर्षानुवर्षं टिकते. मला स्वतःला हा मार्ग सगळ्यांत उंच वाटतो. पण प्रत्येक गोष्ट अशी घडत नाही, हेही मान्य करायला हवं. राजवाडे, कट, युद्धं यांची गोष्ट उत्कंठेवरच चालते, आणि उत्कंठेत काही कमीपणा नाही.

राहिला प्रामाणिकपणाचा मुद्दा, आणि इथे मला थोडं कठोर बोलायचं आहे. प्रेक्षकाला आधी सांगा. ‘बाहुबली’च्या नावातच ‘द बिगिनिंग’ होतं. २०२१ च्या ‘ड्यून’च्या पोस्टरवर नुसतं ‘ड्यून’ होतं. ‘भाग पहिला’ हे शब्द थिएटरात बसल्यावर पडद्यावर उमटले, आणि दुसऱ्या भागाला मंजुरी त्यानंतरच मिळाली. तो पुढे निघाला हे आपलं नशीब. ‘अ‍ॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ची घोषणा ‘भाग पहिला’ म्हणून झाली होती, नंतर नावातून ते शब्द गेले. जून २०२३ मध्ये कितीतरी मुलं पूर्ण गोष्ट समजून आत बसली. त्याचा शेवट मला आवडतो, हे मुद्दाम सांगते. नायक माइल्स चुकीच्या विश्वात बांधलेला, समोर कोळी न चावलेला तो स्वतःच, गुन्हेगार झालेला. हा प्रश्न नक्कीच मागे पाठवणारा आहे. पण पुढच्या भागाची मार्च २०२४ ही तारीख हॉलिवूडमधल्या संपांच्या काळात रद्द झाली. दहाव्या वर्षी तो शेवट बघितलेलं मूल पुढचा भाग बघायला बसेल तेव्हा ते मूल राहिलेलं नसेल. संहिता पूर्ण असल्याशिवाय, आणि शक्य तर चित्रीकरण झाल्याशिवाय, असा शेवट करू नये. आणि तिकीट विकताना पोस्टरवर, नाव जेवढ्या अक्षरांत छापता तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, ‘भाग पहिला’ छापावं.