साडेसात इंचांचा ठोका

(दृश्य: टेबलावर रीळ-यंत्र. दोन हात दोन्ही रिळं सावकाश मागेपुढे फिरवताहेत.)

ही पाव इंच रुंदीची फीत. यंत्रात ती सेकंदाला १५ इंच धावते. गाण्याची लय मिनिटाला १२० ठोक्यांची असेल, तर दर अर्ध्या सेकंदाला एक ठोका पडतो. म्हणजे फितीवर एक ठोका साडेसात इंच लांब. चार ठोक्यांचं आवर्तन ३० इंच. अशी आठ आवर्तनं हवी असतील, तर वीस फूट फीत मोजून घ्यायची.

हाउस या नृत्यसंगीताचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, त्या फ्रँकी नकल्सचं निर्माता होणं या मोजमापातून सुरू झालं. तो रेकॉर्ड वाजवायचा हे सगळे सांगतात. तो फीत कापायचा, हे त्याहून महत्त्वाचं आहे.

(दृश्य: शिकागो, २०६ साउथ जेफरसन स्ट्रीट. इमारतीचा दर्शनी भाग, सकाळचं ऊन.)

ही तीन मजली इमारत. १९७७ मध्ये रॉबर्ट विल्यम्स यांनी इथे वेअरहाऊस नावाचा क्लब सुरू केला. डीजे म्हणून त्यांना लॅरी लेव्हॅन हवा होता, पण तो न्यूयॉर्क सोडायला तयार नव्हता. मग लेव्हॅनचा जुना मित्र फ्रँकी आला. फ्रँकीचा जन्म १८ जानेवारी १९५५ चा, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला. शिकला कापडाचं डिझाइन, आणि डीजेचं काम शिकला लेव्हॅनबरोबर न्यूयॉर्कच्या कॉन्टिनेंटल बाथ्स या स्नानगृहातल्या क्लबमध्ये.

या दारातून आत जाणारे लोक बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, त्यांतले पुष्कळ समलिंगी. दारू मिळत नसे, फळांचा रस मिळे. शनिवारी रात्री सुरू झालेला नाच रविवारी दुपारपर्यंत चाले. रेकॉर्डच्या दुकानांत लोक ‘वेअरहाऊसला वाजतं ते’ मागायला लागले, आणि मागता मागता शब्दातला ‘वेअर’ गळून पडला. उरलं ‘हाउस’.

(दृश्य: वर्तमानपत्राचं जुनं कात्रण.)

१२ जुलै १९७९. शिकागोतल्याच कोमिस्की पार्कवर, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात डिस्को रेकॉर्डचा ढीग स्फोटानं उडवण्यात आला. प्रेक्षक मैदानात घुसले, दुसरा सामना होऊच शकला नाही. पुढे मोठ्या कंपन्यांनी डिस्कोतून अंग काढून घेतलं.

जेफरसन स्ट्रीटवरची गर्दी मात्र कमी झाली नाही. तिला दर शनिवारी रात्रभर पुरतील एवढी गाणी लागत, आणि नव्यांचा ओघ आटलेला. तेव्हा जुन्या गाण्यांतूनच नवी काढायची होती.

(दृश्य: पुन्हा टेबल. फीत, खाचेची पट्टी, ब्लेड, मेणाची पेन्सिल. जवळून.)

डिस्कोच्या सहा मिनिटांच्या गाण्यात नाचणाऱ्यांना सर्वांत प्रिय जागा असते ती अर्ध्या मिनिटाची. बाकी वाद्यं गप्प होतात, ढोल आणि बेस तेवढे उरतात. ते अर्धं मिनिट तीन मिनिटांचं करायचं, गायिकेला उशिरा आणायचं आणि शेवट लांबवायचा, हे काम आहे. ध्वनिमुद्रण शिकणाऱ्या एका मित्राच्या हाताशी बसून फ्रँकी ते करायला लागला. डीजेला जमावासमोर जे सुचतं, ते आठवडाभर टेबलावर बसून पक्कं करण्याची ही सोय होती.

आधी रेकॉर्ड फितीवर उतरवून घ्यायची, आणि एकदाच उतरवून भागत नाही. आठ आवर्तनं चार वेळा हवी असतील, तर तो तुकडा चार वेळा मुद्रित करावा लागतो, कारण फितीचा तुकडा एका वेळी एकाच जागी बसतो. चारही वेळा आवाजाची पातळी तीच ठेवायची आणि तबकडीच्या वेगाला हात लावायचा नाही. पातळी जरा इकडेतिकडे झाली, तर जोड कितीही सफाईचा असला तरी त्या जागी आवाज पडलेला ऐकू येतो.

मग सम शोधायची. मोटर बंद ठेवून दोन्ही रिळं हातानं फिरवायची, फीत वाचणाऱ्या हेडला टेकलेली. एवढ्या संथ गतीत मोठा ढोल ढोलासारखा वाजत नाही, जड काहीतरी फरफटत नेल्यासारखा घरघरतो. ती घरघर जिथे उठते, त्याच्या अगदी अलीकडे, फितीच्या पाठीवर मेणाच्या पेन्सिलीनं रेघ ओढायची.

आता पट्टी. तिच्या खोबणीत फीत पाठ वर करून बसते, आणि ब्लेड ४५ अंशांच्या खाचेतून एकदाच ओढायचं. दोनदा नाही, कडा फाटते.

तिरकं का कापायचं? पाव इंच रुंद फीत ४५ अंशांत कापली, की जोडही पाव इंच लांबीवर पसरतो. सेकंदाला १५ इंच या वेगात ते होतात सतरा मिलिसेकंद. तेवढ्या वेळात जुना तुकडा विरतो आणि नवा चढतो. सरळ आडवं कापलं तर हा बदल धप्पकन होतो. तिरक्या कापात एक गोष्ट सोसावी लागते. स्टिरिओत एक बाजू दुसरीच्या काही मिलिसेकंद आधी बदलते. ढोलाच्या ठोक्याखाली ते कुणाच्या लक्षात येत नाही, आणि ठोक्याच्या अलीकडेच कापण्याचं कारणही हेच. मोठा आवाज जोड झाकून घेतो. झांज झणझणत असताना मध्येच कापलंत, तर तिची शेपटी तुटलेली आंधळ्यालाही दिसेल.

(दृश्य: दोन टोकं एकमेकांना भिडतात. अंगठ्याचं नख पांढऱ्या चिकटपट्टीवरून फिरतं.)

दोन टोकं भिडवायची. फट नको, एकावर एक चढायला नको. वरून जोडपट्टीचा साधारण इंचभर तुकडा लावायचा, फितीपेक्षा किंचित अरुंद, म्हणजे डिंक बाहेर येऊन रिळातल्या पुढच्या थराला चिकटणार नाही. खालचे हवेचे फुगे नखानं घासून काढायचे. घरातली साधी चिकटपट्टी इथे कधीच चालत नाही. तिचा डिंक काही महिन्यांत पाझरतो, थर एकमेकांना धरून बसतात आणि हेडवर चिकट राप चढतो. ब्लेडमध्ये चुंबकत्व शिरलं असेल, तर दर जोडाला बारीक ‘टक्’ ऐकू येतं. अशा वेळी ब्लेड आधी विचुंबकित करायचं किंवा सरळ बदलायचं.

सगळ्यात मोठी अडचण मात्र हत्यारांची नाही, वादकाची आहे. डिस्कोचा ढोलवादक माणूस होता. रंगात आला की तो पुढे सरकायचा. गाण्याच्या सुरुवातीला लय ११८ असेल तर आवर्तन साडेतीस इंचांचं, आणि शेवटी १२१ झाली तर पावणेतीस इंचांचं. पाऊण इंचाचा फरक. पहिल्या मिनिटातला तुकडा पाचव्या मिनिटाला जोडला, की पाऊल अडखळतं. नाचणाऱ्याला कारण कळत नाही, पाय चुकल्याचं कळतं. म्हणून तुकडे शेजारशेजारच्या आवर्तनांतून निवडायचे, आणि लांब उडी घ्यायचीच असेल तर मध्ये ढोल नसलेली जागा शोधायची.

(दृश्य: काळोख. दुरून येणारा आगगाडीचा दिवा.)

वेअरहाऊसमध्ये फ्रँकी कधी कधी सगळे दिवे मालवायचा आणि धावत्या आगगाडीचं ध्वनिमुद्रण सोडायचा. आवाज खोलीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायचा.

(दृश्य: करड्या रंगाचं ताल-यंत्र. सोळा कळांवर एकापाठोपाठ लाल दिवे.)

१९८२ मध्ये फ्रँकीनं वेअरहाऊस सोडलं आणि पुढे पॉवर प्लांट हा स्वतःचा क्लब काढला. तिथे हे यंत्र आलं. रोलँड टीआर-९०९, बाजारात १९८३ चं. त्यानं ते डेट्रॉइटच्या डेरिक मेकडून विकत घेतलं.

आवर्तनाचे सोळा भाग, प्रत्येकाला एक कळ. मोठा ढोल १, ५, ९, १३ वर. टाळी ५ आणि १३ वर. उघडी झांज ३, ७, ११, १५ वर, म्हणजे दर दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये. एवढं दाबलं की हाउसचा सांगाडा उभा राहतो. यातला ढोल विद्युतमंडलातून घडतो, झांजा मात्र खऱ्या झांजांच्या सहा बिटांत साठवलेल्या नमुन्यांतून येतात. त्यांचा तो खरखरीत कडकपणा त्यातूनच आला आहे. बंद झांज वाजली की उघडी कापली जाते, म्हणून दोन्ही एकाच कळेवर ठेवू नयेत.

फ्रँकी हे यंत्र चालू रेकॉर्डच्या खाली वाजवायचा. ऐकायला सोपं वाटतं. यंत्राची लय खिळ्यासारखी पक्की, रेकॉर्डमधला ढोलवादक सरकणारा. दोन ठोके तीस मिलिसेकंदांनी हुकले, की घोडा दौडल्यासारखा दुहेरी आवाज येतो. त्याहून फसवी गोष्ट दहा मिलिसेकंदांची. तेव्हा ठोका एकच वाटतो, पण ५० हर्ट्झच्या आसपासच्या लाटा एकमेकींना उलट्या पडतात आणि ढोलाचं पोटच नाहीसं होतं. त्यावर उपाय दोन. रेकॉर्डचे खालचे, जड स्वर मिक्सरवर उतरवायचे, आणि तबकडीच्या वेगाच्या दांडीवरून बोट न उचलता सतत सांभाळत राहायचं.

(दृश्य: १२ इंची रेकॉर्ड सुईखाली फिरते.)

‘युअर लव्ह’ हे गाणं जेमी प्रिन्सिपलचं. फ्रँकीनं ते आधी फितीवरून क्लबमध्ये वाजवलं, शहरभर ते पोचलं, आणि १९८७ मध्ये रेकॉर्ड निघाली ती फ्रँकीच्या नावानं. वाजतंय ते ऐका. सिंथेसायझरचे तुटक स्वर वर्तुळात फिरत राहतात, आणि एकेक थर आठ-आठ आवर्तनांनी येतो. टेबलावरची ती वीस फूट फीत इथे गाण्याचं गणित झाली आहे.

(दृश्य: स्टुडिओ. दोन इंची फितीचं चोवीस ट्रॅकचं यंत्र.)

१९८० च्या दशकाच्या अखेरीस तो न्यूयॉर्कला परतला. जुडी वाइनस्टीन आणि डेव्हिड मोरालेस यांच्या डेफ मिक्स या निर्मिती-संस्थेतून रीमिक्सचं, म्हणजे दुसऱ्याचं गाणं नव्यानं बांधण्याचं, काम सुरू झालं. रीमिक्समध्ये मूळ गाण्याचे सुटे ट्रॅक हाती येतात. एका ट्रॅकवर टाइमकोड, म्हणजे वेळेच्या खुणा सांगणारा आवाज, भरायचा, म्हणजे ताल-यंत्र आणि सिंथेसायझर फितीच्या मागे चालतात. त्याच्या शेजारचा ट्रॅक रिकामा सोडावा, नाहीतर कोडची किरकिर त्यात झिरपते. मग बहुतेक वाद्यं बंद करायची आणि गाणारा तेवढा ठेवायचा. त्यालाही वेग वाढवून सरसकट ओढता येत नाही. फीत सहा टक्के पळवली की सूर अर्ध्या स्वरानं चढतो. ११२ च्या लयीतलं गाणं ११९ च्या जवळ जाईपर्यंत गायिकेचा गळा वेगळाच लागतो. तेव्हा तिची एकेक ओळ सॅम्पलर या आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्रात घेऊन नव्या ठोक्यांवर हातानं बसवायची, श्वासासकट. श्वास कापला तर माणूस यंत्रासारखा गातो.

१९८९ मध्ये सातोशी तोमिइए आणि रॉबर्ट ओवेन्स यांच्यासोबत ‘टिअर्स’. १९९१ मध्ये एरिक कुपरबरोबरचं ‘द व्हिसल साँग’, बिलबोर्डच्या नृत्य-यादीत पहिलं. १९९८ मध्ये रीमिक्सरसाठीचा ग्रॅमी पुरस्कार पहिल्यांदाच दिला गेला, तो फ्रँकीला. २००४ मध्ये जेफरसन स्ट्रीटच्या या तुकड्याला त्याचं नाव मिळालं. मधुमेहानं पायाचा भाग गेला, तरी तो वाजवत राहिला. ३१ मार्च २०१४ रोजी, ५९ व्या वर्षी, शिकागोत त्याचं निधन झालं.

(दृश्य: स्टोनी आयलंड आर्ट्स बँक. कपाटांत उभ्या रेकॉर्ड.)

१९२३ मध्ये बांधलेली ही बँकेची इमारत कलावंत थिएस्टर गेट्स यांनी शहराकडून एका डॉलरला घेऊन उभी केली. फ्रँकीचा रेकॉर्डसंग्रह इथे आहे. वेअरहाऊसच्या इमारतीला २०२३ मध्ये शहराचं वारसा-संरक्षण मिळालं. विटा वाचल्या, तबकड्याही वाचल्या.

(दृश्य: पुन्हा टेबल. जुनं रीळ, कडेला पिवळट जोड.)

फितींना इतका वेळ नाही. त्या काळच्या पुष्कळ फितींचा लेप दमट हवेनं चिकट होतो आणि वाजवताना हेडवर सोलून निघतो. पॉलिएस्टरची फीत असेल तर ती ५४ अंश सेल्सिअसला सुमारे आठ तास शेकतात, म्हणजे ती काही काळ वाजवण्याजोगी होते. अ‍ॅसिटेटची फीत कधीच शेकायची नाही. शेकण्यानं जोडांचा डिंक आणखी वाळतो, म्हणून जोड दुरुस्त करायचे ते शेकून झाल्यावर. रीळ जलद गुंडाळायचं नाही, संथ चालवायचं, आणि फीत जिथे सुटेल तिथे थांबायचं.

ती सुटते नेमकी ब्लेड फिरलं होतं तिथेच. जुनी पट्टी उचलली की खाली मेणाच्या पेन्सिलीची रेघ असते, बहुतेक वेळा दोन टोकांवर अर्धी अर्धी. रेघेला रेघ भिडवायची, वरून नवी पट्टी, आणि नखानं घासायचं.

(दृश्य: फीत पुढे सरकते. आवाज सुरू.)