नळ एक, माणसं तेराशे

नमस्कार श्रोतेहो.

नळावर दहा-बारा हंडे आपल्या पुढे असले, तरी आपला जीव कावतो. ग्रीसच्या लेस्बॉस बेटावर मोरिया नावाची निर्वासितांची छावणी होती. तिच्या काही भागांत मार्च 2020 मध्ये 1,300 माणसांमागे पाण्याचा एकच नळ होता आणि साबण अजिबात नव्हता. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेचे डॉक्टर तिथं काम करत होते, त्यांनीच हे सांगितलं. महिना कोरोनाचा. सगळं जग हात धुवत होतं.

लेस्बॉसवरून तुर्कस्तानचा किनारा डोळ्यांना दिसतो. जिथं समुद्र अरुंद आहे, तिथं अंतर जेमतेम दहा किलोमीटर. 2015 मध्ये या वाटेनं पाच लाखांवर माणसं रबरी होड्यांतून बेटावर उतरली. सीरियाची, अफगाणिस्तानची, इराकची. गावच्या कोळ्यांनी त्यांना पाण्यातून ओढून काढलं, म्हाताऱ्या बायांनी त्यांची लेकरं मांडीवर घेतली. इथल्या कित्येक घरांतले आजी-आजोबा 1922 मध्ये याच पाण्यातून, आशिया मायनरमधून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, जीव घेऊन पळून आले होते.

मग मार्च 2016 मध्ये युरोपीय संघ आणि तुर्कस्तान यांच्यात समझोता झाला. त्यानंतर आलेल्यांनी, आश्रयासाठी केलेल्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत, बेट सोडायचं नाही असं ठरलं. निकाल महिनोन्‌महिने लागेना, होड्या मात्र येतच राहिल्या. सुमारे 3,000 माणसांसाठी बांधलेल्या मोरियात 2020 च्या सुरुवातीला 20,000 च्या आसपास माणसं होती. छावणीत मावेनात म्हणून शेजारच्या ऑलिव्हच्या बागांत लाकडी फळ्या आणि ताडपत्रीची खोपटं उठली. अंधार पडल्यावर बायका शौचालयाकडे जायला धजत नसत. तेव्हा ही गर्दी काही आभाळातून पडली नव्हती. ती नियमानं साठवलेली होती.

या नियमाला एक फट होती. जो जास्त पीडित, आजारी किंवा छळ सोसलेला ठरेल, त्याला मुख्य भूमीवर जाता येई. पण तसं ठरवणार डॉक्टर, आणि डॉक्टर मोजके. म्हणजे आधी जेवणाची रांग, मग पाण्याची, आणि त्यावर आपण पुरेसे मोडलेलो आहोत असा कागद मिळवण्याची तिसरी रांग. मला तर ही तिसरी सगळ्यात क्रूर वाटते.

8 सप्टेंबर 2020 च्या रात्री मोरियाला आग लागली. सुमारे 12,000 माणसं रस्त्यावर आली. आणि गंमत बघा, गंमत म्हणवत नाही खरं तर, आईबापांविना राहणारी 400 च्या आसपास मुलं दोन-तीन दिवसांत विमानानं मुख्य भूमीवर नेली गेली. ‘या मुलांना इथून हलवा’ असं संस्था कधीपासून कानीकपाळी ओरडत होत्या. तेव्हा विमानं नव्हती का?

सप्टेंबर 2021 मध्ये ग्रीसच्याच सामोस बेटावर युरोपच्या पैशातून नवी छावणी उघडली. तंबूंच्या जागी कंटेनरची घरं, पलंग, नीट शौचालयं. हे चांगलंच झालं, नाकारायचं कशाला? पण गावापासून लांब डोंगरात, भोवती दुहेरी काटेरी कुंपण आणि रात्री फाटक बंद. दिवाणी न्यायालयातला आपला दावा किती वर्षं लोंबकळतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. तसा दावा पलंगावर बसून लढायचा, आणि निकालाची तारीख मात्र कुणी सांगत नाही. सामोसला आधी हवेत वकील, दुभाषे आणि अर्ज भराभर निकाली काढणारे अधिकारी. कुंपण त्यांच्याआधी उभं राहिलं.

नमस्कार.