रिपोर्ट नॉर्मल आहे, पण दुखतंय

(परळ, सकाळ. केईएम रुग्णालयाबाहेर केसपेपरची रांग.)

"अंग मोडून येतं." "डोकं जड पडतं." "छातीत धडधडतं, हातापायाला मुंग्या येतात." मुंबईतल्या कुठल्याही ओपीडीत हे ऐकू येतं. रक्त तपासतात, ईसीजी काढतात, थायरॉइड, बी-१२ बघतात. तपासायलाच हवं, छातीतलं दुखणं मनावर ढकलून चालत नाही. पण सगळं नॉर्मल आलं की घरचे म्हणतात, "मग तुला झालंय तरी काय?"

(लोकलमधला बायकांचा डबा.)

दुखणं खरं असतं. कधी कधी त्यामागे नैराश्य असतं. त्यात झोप मोडते, शरीर आखडतं, वेदना सोसण्याची ताकद घटते. मग रोजच्या दुखण्याने मन आणखी खचतं.

१९९९ साली जागतिक आरोग्य संघटनेचा १४ देशांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आपलं बंगळुरूही होतं. नैराश्याच्या निकषांत बसणारे १,१४६ रुग्ण. त्यातले ६९ टक्के डॉक्टरकडे फक्त शरीराच्या तक्रारी घेऊन आले होते. मात्र मनाबद्दल थेट विचारल्यावरही 'तसं काही नाही' म्हणणारे जेमतेम ११ टक्के निघाले. माणसं लपवत नव्हती. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

(नालासोपारा. अंधारात पाणी भरणारी बाई.)

आयुष्याबद्दलचं समाधान मोजायला मानसशास्त्रज्ञ एड डीनर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये पाच विधानांची प्रश्नावली केली. त्यात आजाराचा उल्लेखही नाही. आयुष्य पुन्हा मिळालं तर काही बदलाल का, अशा अंगाने ती जाते. तरीही नैराश्य वाढतं तसे तिथले गुण उतरतात, आणि ज्यांचं अंग सतत कुठे ना कुठे दुखतं त्यांचेही. मला यात नवल वाटत नाही. पहाटे पाणी, मग डबे, मग विरार लोकल, आणि रात्री "आज पण डोकं दुखतंय का?" हा वैतागलेला सूर. असं जगताना कंबर आणि मन वेगवेगळं कसं काढायचं?

म्हणून वेदनाशामक गोळीची चिठ्ठी लिहिताना डॉक्टरांनी दोन प्रश्न जरूर विचारावेत. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटतं का? पूर्वी आवडायचं त्यात आता मन लागतं का? उत्तर ऐकायला खुर्ची थोडी पुढे घ्यावी लागेल, रांग थोडी थांबेल. थांबू द्या.

आणि तुम्हालाच बोलायचं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.